वाळूंतील चिकणमाती आणि काँक्रीटचें बळ

घर बांधणें हा मनुष्याचा फार प्राचीन उद्योग आहे, आणि त्या उद्योगांत माती ही त्याची पहिली सहकारी होय. मातीच्या भिंती, मातीच्या विटा, मातीचीं कौलें व मातीचा गिलावा यांच्या आश्रयानें आपल्या पूर्वजांच्या अनेक पिढ्या राहिल्या. आज मात्र आपण ज्या काँक्रीटच्या छपराखालीं झोंपतों, ज्या पुलावरून आगगाडीनें जातों व ज्या टाकींतील पाणी पितों, त्या काँक्रीटशीं मातीचें मुळींच पटत नाहीं. वाळूबरोबर नकळत आलेली थोडीशी चिकणमाती मोठमोठ्या इंजिनियरांचीं गणितें चुकविते, व मोल देऊन आणलेलें रासायनिक द्रव्य निरुपयोगी करून टाकते. हें कसें घडतें व त्यावर उपाय काय, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे. विषय स्थापत्यशास्त्राचा असला तरी तो समजण्यास शाळेंतील रसायनशास्त्र व अंकगणित पुरेसें आहे. आणि ज्या पालकांस लवकरच घर बांधावयाचें असेल, त्यांस तर तो अगदीं घरचाच विषय वाटेल.

प्रथम काँक्रीट म्हणजे काय तें पाहूं. खडी, वाळू, सिमेंट आणि पाणी या चार जिनसा एकत्र कालविल्या म्हणजे काँक्रीट तयार होतें. खडी हा त्याचा सांगाडा. खडीच्या मधल्या पोकळ्या वाळू भरते. आणि वाळूच्या कणांमधील बारीक पोकळ्या सिमेंट व पाणी यांचा लगदा भरून काढतो. हा लगदा वाळून घट्ट होतो अशी पुष्कळांची समजूत असते, परंतु ती बरोबर नाहीं. सिमेंट वाळून घट्ट होत नाहीं, तर पाण्याशीं त्याचा रासायनिक संयोग होऊन तें दगडासारखें बनतें. म्हणूनच स्लॅब घातल्यावर त्यावर आळीं करून पाणी भरून ठेवतात. नुसतें वाळवावयाचें असतें, तर पाणी कशाला घातलें असतें?

या संयोगास लागणारें पाणी मात्र थोडें असतें. शंभर किलो सिमेंटाशीं रासायनिक रीतीनें जोडलें जाणारें पाणी सुमारें पंचवीस किलोच असतें. पण एवढेंच पाणी घातलें, तर मिश्रण इतकें कोरडें होतें कीं तें फावड्यानें नीट ओढवत नाहीं व लोखंडी सळ्यांच्या जाळ्यांत शिरत नाहीं. म्हणून काम करणारे लोक अधिक पाणी घालतात. जें पाणी संयोगांत खर्च होत नाहीं, तें मागाहून निघून जातें व आपल्या जागीं सूक्ष्म छिद्रें ठेवून जातें. छिद्रें जितकीं अधिक, तितकें काँक्रीट दुबळें. अमेरिकेंत शिकागो येथील लुइस इन्स्टिट्यूटमध्यें डफ अब्राम्स या संशोधकानें पुष्कळ नमुने दाबून फोडून पाहिले आणि १९१८ सालीं असा नियम सांगितला कीं, चांगल्या काँक्रीटचें बळ मुख्यतः पाणी व सिमेंट यांच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असतें. पाणी वाढलें कीं बळ घटतें. हा नियम आजही स्थापत्यशास्त्राचा पाया आहे.

येथें इंजिनियरापुढें मोठा पेंच उभा राहतो. पाणी कमी करावें, तर मिश्रण साच्यांत बसत नाहीं. पाणी वाढवावें, तर इमारत कमजोर होते. या पेंचांतून सोडविणारें जें द्रव्य शोधून काढण्यांत आलें, त्यास सुपरप्लास्टिसायझर असें म्हणतात. कामावरील मिस्त्री त्यास नुसतें 'केमिकल' या नांवानें ओळखतात. आपणही सोयीसाठीं त्यास केमिकलच म्हणूं.

हें केमिकल काय करतें? घरीं पिठांत एकदम पाणी ओतलें म्हणजे गुठळ्या होतात, हें आपण पाहिलेंच आहे. सिमेंटचेंही तसेंच होतें. त्याच्या कणांच्या पृष्ठभागावर कांहीं ठिकाणीं धन व कांहीं ठिकाणीं ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें कण एकमेकांस चिकटून त्यांचे पुंजके बनतात, आणि पुष्कळसें पाणी त्या पुंजक्यांच्या पोटांत अडकून पडतें. तें पाणी असून नसल्यासारखें. मिश्रण पातळ करण्याच्या कामीं तें येत नाहीं. केमिकल हे पुंजके फोडतें, कण सुटे करतें व अडकलेलें पाणी मोकळें करतें. अर्थात् नवें पाणी न घालतांही मिश्रण वाहूं लागतें.

अशा द्रव्यांच्या तीन पिढ्या मानतात. लाकडापासून कागदाचा लगदा करतांना जें लिग्नोसल्फोनेट नांवाचें द्रव्य मागें राहतें, त्याचा उपयोग १९३० च्या दशकापासून होऊं लागला. त्यानें शेंकडा पांच ते दहा पाणी वांचतें. पुढें १९६० च्या दशकांत जपानमध्यें केन-इची हात्तोरी यांनीं नॅप्थॅलिनपासून, व जर्मनींत दुसऱ्या संशोधकांनीं मेलॅमिनपासून, अधिक प्रभावी द्रव्यें तयार केलीं. त्यांनीं शेंकडा पंधरा ते पंचवीस पाणी वांचूं लागलें. तिसरी पिढी पॉलिकार्बोक्झिलेटची. तिचा उगम १९८० च्या दशकाच्या आरंभीं जपानांतच झाला, आणि तिनें शेंकडा तीस ते चाळीसपर्यंत पाणी वांचवितां येतें. त्याच दशकांत टोकियो विद्यापीठांतील प्राध्यापक हाजिमे ओकामुरा यांनीं, कोणी न ठोकतां आपल्याच वजनानें साच्याच्या कानाकोपऱ्यांत पोहोंचणाऱ्या काँक्रीटची कल्पना मांडली. तें प्रत्यक्षांत आणण्यास अशा केमिकलांचीच मदत झाली. जपानांतील आकाशी कायक्यो हा १९९८ सालीं खुला झालेला प्रचंड झुलता पूल ज्या पायांशीं जखडलेला आहे, त्यांत हें काँक्रीट वापरलें आहे.

पॉलिकार्बोक्झिलेटच्या रेणूचा आकार डोक्याच्या फणीसारखा असतो. फणीचा जो आडवा कणा, त्यावर ऋण विद्युद्भार असतो. त्यामुळें तो सिमेंटच्या कणावरील धन भाराच्या जागीं जाऊन चिकटतो. फणीचे लांबट दांते मात्र पाण्याची आवड असलेल्या साखळ्यांचे बनलेले असल्यामुळें ते बाहेर पाण्यांत पसरून राहतात. असें दांत्यांचें कुंपण प्रत्येक कणाभोंवतीं झालें म्हणजे दोन कण एकमेकांजवळ येऊं शकत नाहींत. नॅप्थॅलिनच्या केमिकलास असे दांते नसतात. तें केवळ ऋण भारांच्या परस्पर प्रतिकर्षणानें कणांस दूर ठेवतें. दांत्यांचें कुंपण त्याहून पुष्कळच परिणामकारक. परंतु चमत्कार असा कीं, ज्या दांत्यांमुळें हें द्रव्य श्रेष्ठ ठरलें, तेच दांते चिकणमातीपुढें त्याचा घात करतात.

कामावर हा घात दिसतो तो असा. प्रयोगशाळेंत स्वच्छ वाळू घेऊन प्रमाण ठरविलेलें असतें. त्या प्रमाणानें तयार झालेलें काँक्रीट तीस सेंटिमीटर उंचीच्या शंकूच्या आकाराच्या साच्यांत भरून साचा उचलला, कीं ढीग किती खचतो तें मोजतात. ढीग चांगला खचला म्हणजे काँक्रीट कामास सुलभ आहे असें समजावयाचें. मग एके दिवशीं नव्या खाणीची वाळू येते. तेंच सिमेंट, तेंच पाणी, तेंच केमिकल, तींच मापें. आणि तरी ढीग जेमतेम हालतो, किंवा प्रथम पातळ दिसलेलें मिश्रण पंधरावीस मिनिटांत आटून घट्ट होतें. सिमेंटास दोष दिला जातो, केमिकल विकणारास दोष दिला जातो. आणि खरा अपराधी मात्र वाळूच्या ढिगांत बिनबोभाट बसलेला असतो.

हा अपराधी कोण, हें कळण्यास चिकणमातीची रचना पाहिली पाहिजे. चिकणमाती ही एकच वस्तु नव्हे. तिच्या अनेक जाती आहेत. त्या सर्वांचे कण अत्यंत पातळ पापुद्र्यांचे बनलेले असतात. अभ्रकाचा तुकडा नखानें सोलला असतां पापुद्रे सुटतात, तशीच ही रचना; फक्त आकार इतका लहान कीं साध्या सूक्ष्मदर्शकांतही तो नीट दिसत नाहीं. तीन जाती येथें लक्षांत ठेवण्याजोग्या आहेत. पहिली केओलिनाइट, चिनी मातीचीं भांडीं हिचींच होतात, आणि तिचें नांव चीन देशांतील काओलिंग या टेंकडीवरून पडलें. हिचे पापुद्रे एकमेकांस घट्ट धरून असतात; त्यांच्यामध्यें पाण्यास सहसा वाव मिळत नाहीं. दुसरी इलाइट, अमेरिकेंतील इलिनॉय संस्थानावरून हें नांव १९३७ सालीं देण्यांत आलें. हिच्या पापुद्र्यांमध्यें पोटॅशियमचे आयन पाचरेसारखे बसलेले असून ते पापुद्र्यांस जखडून ठेवतात. तिसरी माँटमोरिलोनाइट, ही फ्रान्समधील माँटमोरियों या गांवाच्या नांवानें १८४७ पासून ओळखली जाते. हिचे पापुद्रे सैल असतात. त्यांवर ऋण भार असून मधल्या जागेंत सोडियम किंवा कॅल्शियमचे आयन असतात. ते पाणी ओढून घेतात, पापुद्रे दूर सरतात आणि माती फुगते.

आपल्या जुन्या पोथ्यांचीं पानें सुटीं असतात, व वर-खालीं दोन फळ्या ठेवून तीं बांधलेलीं असतात. केओलिनाइट ही करकचून बांधलेली पोथी समजा. बाहेरून तिला पाणी लागलें तरी आंतलीं पानें कोरडीं. माँटमोरिलोनाइट ही दोरी सुटलेली पोथी होय. तिचें पानन् पान उघडें पडतें. आणि काँक्रीटमध्यें टाकलेल्या केमिकलचे लांबट दांते सरळ त्या पानांमध्यें शिरून बसतात. ज्यानें सिमेंटच्या कणांची पाठराखण करावयाची, तोच असा मातीच्या पोथींत अडकून पडतो. जर्मनींत म्युनिक येथील तांत्रिक विद्यापीठांत योहान प्लांक व त्यांचे सहकारी यांनीं हें क्ष-किरणांच्या साहाय्यानें पाहिलें व २०१२ सालीं प्रसिद्ध केलें. केमिकल नसतां या मातीच्या एका पापुद्र्यापासून दुसऱ्यापर्यंतचें अंतर सुमारें १.२ नॅनोमीटर होतें. केमिकल शिरल्यावर तें सुमारें १.८ झालें. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा-लक्षांश.) पापुद्रे असे दूर सरले, याचाच अर्थ मध्यें कोणी तरी येऊन बसलें. नॅप्थॅलिनच्या रेणूस असे दांते नसल्यामुळें तो पापुद्र्यांत तितका शिरत नाहीं. तो बहुतांशीं बाहेरच्या पृष्ठभागावरच बसतो, आणि म्हणून त्याचें नुकसान पुष्कळ कमी होतें.

आतां थोडें अंकगणित करूं. म्हणजे चिमूटभर मातीची शक्ति किती, तें ध्यानांत येईल. एक घनमीटर काँक्रीटांत ४०० किलो सिमेंट व ७५० किलो वाळू आहे असें धरा. सिमेंटच्या एका किलोच्या सर्व कणांचा मिळून पृष्ठभाग सुमारें ३५० चौरस मीटर असतो; तेव्हां ४०० किलोंचा पृष्ठभाग १,४०,००० चौरस मीटर झाला. वाळूंत शेंकडा एक, म्हणजे साडेसात किलो, माँटमोरिलोनाइट आहे असें समजा. हिचे पापुद्रे पूर्ण सुटे झाले तर एका ग्रॅमचाच पृष्ठभाग सुमारें ७०० चौरस मीटर होतो. म्हणजे साडेसात किलोंचा ५२,५०,००० चौरस मीटर. सिमेंटच्या सदतीस पटींहूनही अधिक! काँक्रीटांतील पाण्यांत चुन्याचा अंश पुष्कळ असल्यामुळें पापुद्रे इतके पूर्ण सुटे होत नाहींत, हें खरें. तथापि त्यांतला लहानसा भाग उघडा पडला तरी सिमेंटास तो भारी पडतो.

दुसऱ्या बाजूनेंही हिशेब पाहा. ४०० किलो सिमेंटास शेंकडा एक या प्रमाणानें चार किलो केमिकल घातलें. त्यांत पाणी बरेंच असून मूळ द्रव्य तिसऱ्या हिश्शाइतकें, म्हणजे सुमारें १.३ किलो आहे असें माना. साडेसात किलो मातीनें आपल्या वजनाच्या केवळ पांचव्या हिश्शाइतकें द्रव्य गिळलें, तरी दीड किलो झालें. म्हणजे सगळें केमिकल मातीच्या पोटांत गेलें, आणि सिमेंटच्या वांट्यास कांहीं उरलें नाहीं.

हा प्रश्न आपल्या महाराष्ट्रास विशेष लागू आहे. दख्खनचें पठार सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं पसरलेल्या लाव्हारसाच्या थरांचें बनलेलें आहे. त्या रसाचा थिजून झालेला काळा पाषाण खडीसाठीं उत्तम. परंतु तोच पाषाण हवापाण्यानें कुजला म्हणजे त्याचा प्रथम मुरूम व अखेर काळी माती होते. कापसाची ही काळी माती उन्हाळ्यांत हातभर भेगाळते आणि पावसाळ्यांत फुगून पायांस चिकटते, हें शेतकऱ्याच्या मुलास सांगावयास नको. हें भेगाळणें व फुगणें माँटमोरिलोनाइट वर्गांतील मातीचेंच लक्षण आहे. खाणींत लाव्हाच्या दोन थरांमध्यें पुष्कळदां तांबड्या मातीचा पट्टा लागतो. खडकाच्या भेगांतूनही कुजलेला, मऊ झालेला भाग असतो. खाणीच्या माथ्यावरील माती नीट न काढतां सुरुंग लावला, तर हें सर्व खडीबरोबर यंत्रांत जातें आणि दळून निघालेल्या वाळूंत मिसळतें. नदीची वाळू महाग व दुर्मिळ होत गेल्यामुळें अशी यंत्रावर दळलेली वाळू आतां सर्वत्र वापरली जाते. म्हणून ही काळजी पूर्वींपेक्षां अधिक घ्यावी लागते. कोंकण व गोमंतक येथील जांभ्या दगडापासून होणाऱ्या मातींत मुख्यतः केओलिनाइट असतें. ती केमिकल इतकें गिळीत नाहीं. परंतु म्हणून ती काँक्रीटांत चालेल, असा अर्थ कोणीं करूं नये. कोणतीही माती खडीच्या अंगावर लेपासारखी बसली, कीं सिमेंटची व दगडाची पकड सुटते. आणि मिश्रणास लागणारें पाणीही तिच्यामुळें वाढतें.

केमिकल मातींत गेलें म्हणजे पुढें काय होतें? मिश्रण घट्ट झालें कीं कामावरील माणसाच्या हातीं सर्वांत स्वस्त उपाय एकच असतो, तो म्हणजे पाण्याची बादली. पन्नास किलोंच्या सिमेंटच्या एका पोत्यास साडेबावीस लिटर पाणी ठरलें आहे असें समजा. पाणी व सिमेंट यांचें प्रमाण ०.४५ झालें. त्यांत दहा लिटरांची एकच बादली अधिक पडली, कीं पाणी साडेबत्तीस लिटर व प्रमाण ०.६५ होतें. एवढ्या फरकानें काँक्रीटचें बळ तिसऱ्या हिश्शानें किंवा त्याहूनही अधिक घटतें. सन २००० च्या भारतीय मानक क्रमांक ४५६ मध्यें समुद्रकिनाऱ्याच्या हवेंतील सळईयुक्त काँक्रीटसाठीं ०.४५ हीच वरची मर्यादा ठरविण्यांत आली, ती उगीच नव्हे. छिद्रें वाढलीं म्हणजे खारी हवा व पाणी आंत शिरून सळ्यांपर्यंत पोहोंचतात; सळ्या गंजतात; गंजाला लोखंडापेक्षां अधिक जागा लागते; आणि तो आंतून काँक्रीट फोडून काढतो. स्लॅबचे पोपडे पडून गंजलेल्या सळ्या उघड्या पडलेल्या आपण सर्वांनींच कोठें ना कोठें पाहिल्या आहेत. त्या प्रत्येक ठिकाणीं वाळूंतील मातीच कारण असते, असें नव्हे. परंतु जास्त पाणी हें कारण फार वेळां असतें, आणि जास्त पाणी घालण्यास माती भाग पाडते.

कोणी म्हणेल, पाणी नको, केमिकलच दुप्पट घालावें. हा उपाय वरवर बरा दिसतो. पण तो खर्चाचा आहे, आणि धोक्याचाही आहे. वाळूंतील माती रोज सारखी नसते. मातकट वाळूसाठीं वाढविलेलें माप उद्यां स्वच्छ वाळूस लागू केलें, तर सर्वच्या सर्व केमिकल सिमेंटास मिळतें. मग मिश्रण नको तितकें पातळ होऊन खडी तळाशीं बसते, पाणी वर येतें, आणि काँक्रीट घट्ट होण्यास विलंब लागतो. म्हणून आधीं वाळू ओळखणें हाच खरा मार्ग होय.

वाळू ओळखण्याची एक साधी परीक्षा विद्यार्थ्यांस घरींही करतां येईल. उभट, पारदर्शक कांचेची बाटली घ्यावी. तींत थोडें मीठ विरघळविलेलें पाणी घालून, बाटली निम्मी भरेल इतकी वाळू सोडावी. वर आणखी तेंच पाणी घालावें, झांकण लावून खूप हालवावें व बाटली तीन तास निश्चल ठेवावी. मिठामुळें मातीचे सूक्ष्म कण एकत्र येऊन लवकर तळास बसतात. वाळू आधीं बसते आणि तिच्यावर गाळाचा निराळा थर दिसतो. त्या थराची जाडी वाळूच्या जाडीच्या शेंकडा आठांहून अधिक भरली, तर ती वाळू धुतल्याशिवाय वापरूं नये, असा बांधकामांतील सर्वसाधारण संकेत आहे. ओली वाळू मुठींत आवळून सोडली असतां तळहातावर चिकट डाग राहिला, तर तीही मातीची खूणच समजावी.

परंतु या परीक्षेस एक मोठी मर्यादा आहे. गाळ किती आहे तें बाटली सांगते. तो कसला आहे तें सांगत नाहीं. दळलेल्या वाळूंत दगडाचीच बारीक पूड पुष्कळ असते, आणि ती मातीसारखी अपायकारक नसते. म्हणूनच सन २०१६ च्या भारतीय मानक क्रमांक ३८३ मध्यें ७५ मायक्रॉनच्या चाळणींतून जाणाऱ्या बारीक भागाची मर्यादा नदीच्या वाळूस शेंकडा ३, तर दळलेल्या वाळूस शेंकडा १५ ठेविली गेली. पण या पंधरांत दगडाची पूड किती आणि माती किती, हें चाळणीस कसें कळावें? शेंकडा बारा दगडाची पूड असलेली वाळू चांगली निघूं शकते, आणि शेंकडा दोनच बारीक भाग असलेली वाळू त्या दोहोंत काळी माती असल्यास वाईट ठरते.

हा भेद दाखविण्यास एक निळा रंग उपयोगी पडतो. मेथिलिन ब्लू हा रंग हाइनरिख कारो या जर्मन रसायनज्ञानें १८७६ सालीं प्रथम तयार केला. पुढें १८९१ सालीं पॉल एर्लिख यांनीं हिंवतापाच्या रोग्यांवर औषध म्हणून त्याचा प्रयोग केला, म्हणून वैद्यकाच्या इतिहासांतही त्याचें नांव आहे. या रंगाच्या आयनांवर धन भार असतो. चिकणमातीच्या पापुद्र्यांवर ऋण भार असतो. म्हणून माती हा रंग झपाट्यानें ओढून घेते, आणि माँटमोरिलोनाइट तर आपल्या पानापानांत सांठविते. दगडाची पूड त्यास फारशी शिवत नाहीं. परीक्षा करतांना बारीक वाळू पाण्यांत ढवळत ठेवून तींत रंगाचा द्राव थोडा थोडा घालतात, व दर वेळीं एक थेंब गाळण-कागदावर सोडतात. मातीची भूक शिल्लक असेपर्यंत कागदावर मध्यें निळा ठिपका व भोंवतीं स्वच्छ पाण्याचें वलय दिसतें. भूक भागली, कीं उरलेला रंग पाण्याबरोबर पसरून वलय फिकट निळें होतें. तें वलय पांच मिनिटें टिकलें म्हणजे परीक्षा संपली. किती रंग लागला त्यावरून माती किती खादाड आहे तें कळतें; आणि जी माती हा रंग अधिक खाते, ती केमिकलही अधिक खाणार, असें अनुमान करतां येतें.

रोग कळल्यावर उपायांचा विचार. पहिला व सर्वांत चांगला उपाय खाणींतच होतो. माथ्यावरची माती व कुजलेला थर प्रथम काढून टाकावा, मातकट पट्टा लागला तर तो माल वेगळा ठेवावा. दुसरा उपाय वाळू धुण्याचा. तो खात्रीचा आहे, परंतु त्यास पाणी पुष्कळ लागतें, आणि आपल्या दुष्काळी तालुक्यांत पाणी हीच दुर्मिळ वस्तु. शिवाय धुतलेलें गढूळ पाणी ओढ्यांत न सोडतां हौदांत निवळवून पुन्हां वापरावें लागतें. तिसरा उपाय रसायनशास्त्राचा. मातीची भूक दुसऱ्याच एखाद्या स्वस्त द्रव्यानें आधीं भागवावी. पॉलिएथिलीन ग्लायकॉल, किंवा धन भार असलेलीं अमोनियम वर्गांतील कांहीं द्रव्यें, यांची योजना यासाठीं करतात. तीं पापुद्र्यांत आधीं जाऊन बसलीं, कीं मागून येणाऱ्या केमिकलास तेथें जागा उरत नाहीं, आणि तें आपल्या खऱ्या कामास, म्हणजे सिमेंटकडे, जातें. चौथा उपाय फणीचे दांतेच बदलण्याचा. मातीच्या पापुद्र्यांत सहज न शिरणाऱ्या निराळ्या घडणीच्या साखळ्या जोडून नवीं केमिकलें तयार करण्याचे यशस्वी प्रयत्न संशोधकांनीं केले आहेत.

येथपर्यंत वाचून कोणाचा असा ग्रह होईल कीं, चिकणमाती ही बांधकामाची शत्रूच आहे. तसें समजणें अन्यायाचें होईल. आपले जुने गवंडी भाजलेल्या विटांची पूड, म्हणजे सुरखी, चुन्यांत मिसळीत. त्या चुन्यानें बांधलेलीं कामें आजही उभीं आहेत. माती भाजली म्हणजे तिचे पापुद्रे मोडतात, फुगण्याची खोड जाते, आणि चुन्याशीं संयोग पावून घट्ट होण्याचा नवा गुण तिला येतो. याच तत्त्वावर केओलिनाइट असलेली माती सुमारें ७०० ते ८५० अंश सेंटिग्रेड उष्णतेवर भाजून, चुनखडीच्या पुडीसह सिमेंटांत मिसळण्याची पद्धति अलीकडे पुढें आली आहे. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील तंत्रविद्यापीठ, क्यूबांतील संशोधक आणि आपल्याकडील दिल्ली व मद्रास येथील आय. आय. टी. या संस्था यांनीं मिळून तिच्यावर काम केलें आहे. तिच्यायोगें भट्टींत भाजावयाचें नेहमींचें सिमेंट कमी लागतें, व त्याबरोबर हवेंत जाणारा कर्बवायुही कमी होतो. म्हणजे तीच माती कच्ची व नकळत आली तर अपाय करते. भाजून व मोजून घातली तर उपकार करते.

आतां दोन शब्द पालकांस व विद्यार्थ्यांस. ज्यांस घर बांधावयाचें आहे, त्यांनीं सिमेंटचें नांव व सळ्यांची जाडी जशी चौकसपणें विचारावी, तशीच वाळू कोठून आली हेंही विचारावें. वाळूचा ढीग शेताच्या काळ्या मातीवर न टाकतां फरशीवर किंवा पत्र्यांवर टाकावा; पावसाळ्यांत त्यावर आच्छादन घालावें; चिखलानें भरलेल्या चाकांची गाडी ढिगाजवळ आणूं देऊं नये; आणि प्रत्येक नव्या गाडीची वाळू बाटलींत घालून पाहावी. मोठें काम असल्यास निळ्या रंगाची परीक्षा प्रयोगशाळेंतून करवून घ्यावी. मिश्रण घट्ट झालें म्हणून कोणी बादली उचलूं लागला, तर त्याचा हात धरावा व आधीं कारण शोधावें. विद्यार्थ्यांनीं सुटींत आपल्या गांवच्या नदीची, ओढ्याची व खाणीची वाळू आणून तीन बाटल्या शेजारीं शेजारीं मांडाव्या, आणि गाळाचे थर मोजून वहींत टिपून ठेवावे. गांवांत पुढें जें घर, जी शाळा किंवा जो पूल उभा राहील, त्याच्या कामीं ही टिपणें उपयोगी पडतील.